किल्ली देण्याआधी : वाचकांचे प्रश्न, ताईची उत्तरं

या वेळच्या टपालात निम्म्याहून जास्त पत्रं एकाच विषयाची आहेत, भाडेकरू कसा निवडायचा. लिहिणारे सगळे एखादं जास्तीचं घर किंवा वरचा मजला भाड्याने देणारे, दहा-बारा घरं असलेला यात कुणी नाही. मोठ्या मालकाचं एक घर अडकलं तर बाकीची नऊ त्याला सांभाळून घेतात, आपलं एकच असतं आणि त्याच भाड्यावर कर्जाचा हप्ता नाहीतर आईची औषधं चाललेली असतात. म्हणून या वेळी बाकीचे विषय बाजूला ठेवलेत. मी स्वतः 19 वर्षं दोन घरं भाड्याने देतेय, त्यात एकदा चांगलीच पोळले आहे, ते पुढे येईलच.

ताई, पहिल्यांदाच घर भाड्याने देतोय. जाहिरात टाकल्यापासून दोन दिवसांत 30 तरी फोन आले असतील. सगळेच छान बोलतात, सगळ्यांनाच लगेच हवंय. कुणाला घर दाखवायला बोलवू तेच कळत नाहीये. नुसतं बोलण्यावरून माणूस ओळखता येतो का?

नाही ओळखता येत, हे आधी मनाशी पक्कं करा. ज्याला भाडं बुडवायचंय तो बऱ्याचदा फोनवर सगळ्यात गोड बोलतो, कारण हेच बोलणं त्याने आधी चार ठिकाणी केलेलं असतं, आणि जो खरंच सरळ आहे तो कधीकधी अडखळतो, त्रासिक वाटतो, दिवसभर घरं बघून दमलेला असतो बिचारा. त्यामुळे आवाजावरून काही ठरवू नका.

काय करायचं, तर पुढचा फोन उचलायच्या आधी कागद घ्या आणि तुमच्या अटी लिहून काढा. घर कधीपासून मिळेल, किती माणसांसाठी आहे, भाडं किती, डिपॉझिट किती, कमीतकमी किती महिने राहायला हवं, कुत्रं-मांजर चालेल का, कागदपत्रं कोणती लागतील, आणि आधीच्या घरमालकाशी बोलणार हेही. हे सगळं जाहिरातीतच टाका, जाहिरात लांबली तरी लांबू दे. तुमचे निम्मे फोन तिथेच कमी होतील आणि कमी होतील ते बहुतेक नको असलेलेच.

अशा चाळणी लावण्याला अर्थशास्त्रात 'स्क्रीनिंग' असं नाव आहे. जॉर्ज अकरलॉफ, मायकेल स्पेन्स आणि जोसेफ स्टिग्लिट्झ या तिघांना 2001 साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते याच प्रकारच्या कामासाठी, म्हणजे व्यवहारात एकाला सगळं माहिती असतं आणि दुसऱ्याला नसतं तेव्हा काय होतं. स्टिग्लिट्झ यांचं म्हणणं असं, की ज्याला कमी माहिती आहे त्याने समोर अशा अटी ठेवायच्या की समोरचा काय निवडतो त्यावरून तो कसा आहे ते आपोआप कळतं. 'आधीच्या घरमालकाला फोन करणार' एवढं वाक्य जाहिरातीत असलं की ज्याला तो फोन व्हायला नकोय तो तुम्हाला फोन करतच नाही. तुम्हाला त्याला नाही म्हणावंही लागत नाही.

फोनवर मग चारच गोष्टी विचारा, प्रत्येकाला त्याच आणि त्याच क्रमाने: कधी यायचंय, कोण कोण राहणार, कामधंदा काय, सध्याचं घर का सोडताय. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मध्ये न बोलता पूर्ण ऐकून घ्या. नोकरी बदलली, घर लहान पडतंय, मालकाला घर विकायचंय, ही सगळी साधी कारणं आहेत. 'मालक फार त्रास देतो' हेही खरं असू शकतं, त्रास देणारे मालक मी बघितलेत, पण त्याआधीचाही त्रास द्यायचा आणि त्याच्याही आधीचा त्रास द्यायचा असं असेल तर जरा थांबा. उत्तरं वहीत लिहून ठेवा. घर बघायला येईल तेव्हा गप्पांच्या ओघात तेच परत विचारा आणि जुळतंय का बघा.

घर दाखवताना ज्या ज्या मोठ्या माणसांना राहायचंय त्या सगळ्यांना बोलवा, एकालाच नाही. करारातही त्या सगळ्यांची नावं यायला हवीत. एकाच्या नावावर घर घेऊन तिसऱ्यालाच राहायला देणारे असतात, आणि मग तुम्ही ज्याला ओळखता तो घरात नसतो आणि जो घरात असतो त्याला तुम्ही ओळखत नसता. आत्ता जे कुटुंब माझ्याकडे आहे, त्यातले ते गृहस्थ घर बघायला आले तेव्हा त्यांनी बाथरूमचा नळ सोडून पाणी किती वेळात उतरतं ते उभं राहून बघितलं, खिडकीची कडी दोनदा लावली, दोनदा काढली, आणि मग विचारलं की नळ बिघडला तर कुणी बघायचं, मी का तुम्ही. मला तेव्हा ते जरा चिकित्सकच वाटले. आता कळतं की जो माणूस तिथे राहायचा विचार करतोय तोच हे बघतो. ज्याला फक्त किल्ली हवीय तो दोन मिनिटांत 'मस्त आहे, फायनल' म्हणतो. पुरावा म्हणून नका धरू हे, पण लक्षात ठेवा.

सॅलरी स्लिप, बँक स्टेटमेंट सगळं मागितलं, त्यानेही लगेच पाठवलं. पण हल्ली फोनवरसुद्धा असले कागद बनवता येतात म्हणे. मी काही बँकेत काम करत नाही, मला खरं-खोटं कसं कळणार?

बँकेत काम करायची गरज नाही, कॅल्क्युलेटर घेऊन अर्धा तास बसा. एकटा कागद कधीच काही सांगत नाही, दोन कागद शेजारी ठेवले की बोलायला लागतात.

आधी स्लिप घ्या. मूळ पगार, भत्ते यांची बेरीज करा, त्यातून कपाती वजा करा, खाली हातात येणारा म्हणून जो आकडा लिहिलाय तोच येतो का बघा. हसू नका, खोट्या स्लिपा इथेच फुटतात, कारण बनवणाऱ्याने वरचा एक आकडा बदललेला असतो आणि बेरीज तशीच राहिलेली असते. काही स्लिपांवर वर्षाच्या सुरुवातीपासूनची एकूण रक्कम असते, तीन महिन्यांच्या स्लिपा मागा आणि ती एकूण रक्कम दर महिन्याला बरोबर तेवढ्यानेच वाढतेय का ते बघा.

मग स्टेटमेंट. स्लिपवर जो आकडा आहे तोच आकडा, शेवटच्या अंकापर्यंत, त्या महिन्यात खात्यात जमा झालेला दिसला पाहिजे आणि पाठवणारं नाव कंपनीचं पाहिजे. त्यानंतर शिल्लक बघा, आणि ही माझ्या मते सगळ्यात उपयोगाची गोष्ट आहे. प्रत्येक ओळीत आधीची शिल्लक, त्यात जमा मिळवायची, खर्च वजा करायचा, पुढची शिल्लक आली पाहिजे. मागे एका मुलाचं स्टेटमेंट माझ्याकडे आलं होतं, दिसायला एकदम झकास, पगाराची ओळ भरभक्कम, पण त्या ओळीच्या खालची शिल्लक वाढलीच नव्हती, जेवढी वरच्या ओळीत होती त्याहून थोडी कमीच. पगार जमा होऊन शिल्लक कमी कशी होईल? त्याने खर्चाच्या एका ओळीवर पगार म्हणून आकडा चढवला होता आणि पुढच्या 40 ओळी बदलायचा कंटाळा केला होता. मी त्याला काही बोलले नाही, घर दुसऱ्याला दिलं.

स्क्रीनशॉट घेऊ नका, बँकेतून उतरवलेली मूळ फाइल मागा. त्या फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये ती कधी आणि कोणत्या सॉफ्टवेअरने बनली हे बऱ्याचदा दिसतं, फोटो एडिट करायच्या ॲपचं नाव तिथे दिसलं तर कारण विचारा. त्याहून बरं म्हणजे समोर बसून त्याला त्याच्याच फोनवर बँकेचं ॲप उघडून पगाराची ओळ दाखवायला सांगायची. अगदी सभ्यपणे सांगायचं, सगळ्यांनाच सांगते म्हणून. खरा माणूस दोन मिनिटांत दाखवतो.

आणि कंपनीत फोन करायचा असेल तर त्याने दिलेल्या नंबरवर करू नका! तो नंबर त्याच्या मित्राचाही असू शकतो. कंपनीचा जाहीर नंबर स्वतः शोधा, तिथून एचआरला जोडून घ्या. हा माणूस तुमच्याकडे आहे का, कधीपासून आहे, एवढंच विचारा, पगार ते सांगणार नाहीत आणि सांगूही नये. त्याआधी अर्थात त्या माणसाची लेखी परवानगी घ्या, साध्या मेसेजवर घेतली तरी चालेल.

आधीच्या घरमालकाचंही तसंच. आत्ताच्या मालकापेक्षा त्याच्या आधीच्या मालकाचं बोलणं जास्त भरवशाचं, कारण आत्ताच्याला जर हा भाडेकरू घालवायचाच असेल तर तो कौतुकच करेल ना. फोन लावला की लगेच 'अमुक अमुक तुमच्याकडे राहायचे ना' असं सगळं आपणच सांगू नका, 'तुमचं घर भाड्याने आहे का' असं विचारून बघा, खरा मालक गोंधळतो आणि विचारतो की कोण बोलताय, बनावट मालक लगेच स्तुती सुरू करतो. पुढे विचारा घर कितव्या मजल्यावर होतं, किती वर्षं राहिले, भाडं कधी थकलं का, डिपॉझिट पूर्ण परत दिलंत का. आणि शेवटचा प्रश्न, परत द्याल का घर त्यांना? या प्रश्नानंतर जो थोडा वेळ जातो ना, तो नीट ऐका. एका बाईंनी मला सगळी उत्तरं चांगलीच दिली होती, पण या प्रश्नाला त्या थांबल्या, आणि मग म्हणाल्या, 'माणसं वाईट नाहीत हो, पण दर महिन्याला मागावं लागायचं.' मला तेवढं पुरलं.

भाड्याच्या तिप्पट पगार हवा असं सगळे सांगतात. माझ्याकडे आलेल्या मुलीचा पगार अडीचपटच आहे, पण बाकी सगळं चांगलं वाटतंय. नियम मोडू का?

हा नियम कुठून आला ते आधी सांगते, म्हणजे तो किती ताणायचा ते कळेल. अमेरिकेत 1969 साली एडवर्ड ब्रुक नावाच्या सिनेटरच्या पुढाकाराने कायद्यात बदल झाला, की सरकारी घरांत राहणाऱ्या गरीब कुटुंबांकडून उत्पन्नाच्या 25 टक्क्यांपेक्षा जास्त भाडं घ्यायचं नाही. 1981 साली ती मर्यादा 30 टक्के झाली. तेव्हापासून 30 टक्के हा आकडा जगभर सगळीकडे फिरतोय आणि तिप्पट पगार म्हणजे साधारण तोच उलटा करून सांगितलेला. म्हणजे बघा, मुळात तो भाडेकरूच्या डोक्यावर ओझं होऊ नये म्हणून होता, त्याला दारातून परत पाठवण्यासाठी नव्हता.

मग त्याचा उपयोग कसा करायचा? पगाराला भाड्याने भागून थांबू नका, भाडं दिल्यावर उरतं किती ते बघा. समजा भाडं 100 आहे. एकाचा पगार 350, पण गाडीचा हप्ता 90, दुसऱ्या कर्जाचा 80, क्रेडिट कार्डाचं दर महिन्याला काहीतरी. दुसरीचा पगार 250 आणि हप्ता एकही नाही. पहिल्याला भाडं आणि हप्ते दिल्यावर 80 सुद्धा उरत नाहीत आणि तिला 150 उरतात. मी तिला घर देईन. हातात येणारा पगार धरायचा मात्र, कागदावरचा नाही. आणि ती आत्ता जिथे राहते तिथे किती भाडं देते ते विचारा. आत्ता 95 देतेय आणि तीन वर्षं वेळेवर देतेय, तर 100 देईल. आत्ता 40 देतेय आणि एकदम 100 वर येतेय तर तिच्याशी बसून बोला, तिनेच नीट हिशोब केलाय का ते बघा.

क्रेडिट स्कोअर मागत असाल तर जरूर मागा, पण तो कर्ज फेडण्याच्या सवयीचा आकडा आहे, भाडं बऱ्याचदा त्यात मोजलेलंच नसतं. ज्याने आयुष्यात कर्जच घेतलं नाही त्याचा स्कोअर निघतच नाही आणि तो काही वाईट भाडेकरू नव्हे.

ज्यांचा स्वतःचा धंदा आहे किंवा फ्रीलान्स काम आहे त्यांना पगार नसतो, तर त्यांचं वर्षभराचं स्टेटमेंट बघायचं आणि त्यातले सगळ्यात वाईट तीन महिने शोधायचे. त्या तीन महिन्यांत भाडं निघालं असतं का? निघालं असतं तर बाकी सरासरीबिरासरी काढायची गरज नाही. पहिलीच नोकरी असलेल्यांना किंवा विद्यार्थ्यांना जामीनदार मागा, आणि जामीनदाराचेही कागद तसेच तपासा, नुसती सही घेऊन ठेवलीत तर त्या सहीला काही अर्थ नाही.

माझ्या नणंदेच्या ओळखीतलं कुटुंब आहे, ती म्हणते 'मी सांगते ना, चांगली माणसं आहेत'. आता त्यांच्याकडे कागद मागायचे म्हणजे तिच्यावर अविश्वास दाखवल्यासारखं होईल. काय करू?

कागद मागा. माझं ऐका, मागाच.

मी पोळले ती इथेच. पहिलंच वर्ष होतं, यजमानांच्या जुन्या सहकाऱ्याचा भाचा, घरी येऊन पाया पडून गेला, आणि आम्ही ना कागद बघितले ना आधीच्या मालकाला फोन केला, करार पण 'करू नंतर' म्हणून राहिला. सात महिने राहिला, तीन महिन्यांचं भाडं आलं. दर वेळी फोन केला की येत्या आठवड्यात देतो. आम्हाला ओरडताही येईना कारण मध्ये सहकारी, आणि सहकाऱ्यालाही तोंड दाखवायची चोरी झाली. शेवटी एका रात्री तो निघून गेला, वीजबिल तसंच थकलेलं, स्वयंपाकघराचं दार बिजागरीतून निखळलेलं भिंतीला टेकवून ठेवलं होतं. पैसे गेले ते गेले, दोन वर्षांत भरून निघाले. त्या सहकाऱ्याचं आमच्याकडे येणंजाणं मात्र बंद झालं ते कायमचंच, आणि 22 वर्षांची मैत्री होती हो ती.

म्हणून सांगते, ओळख असेल तर कागद जास्तच नीट बघायचे, कारण तिथे घरभाड्यासोबत नातंही पणाला लागलेलं असतं. नणंदेला सरळ सांगा, 'ताई, तुमच्यावर माझा पूर्ण विश्वास आहे, म्हणूनच उद्या काही झालं तर ते तुमच्यावर यायला नको, सगळ्यांना एकच फॉर्म देते तोच त्यांना देते.' आणि खरंच सगळ्यांना एकच फॉर्म द्या, म्हणजे हे सांगताना जीभ अडखळणार नाही. नणंदेला हेही विचारा की त्या घरच्यांना ती नेमकी कशी ओळखते. एकत्र कार्यक्रमांना भेटणं वेगळं आणि त्यांनी घेतलेले पैसे वेळेवर परत केलेले बघणं वेगळं.

एकजण मी मागितलेल्या भाड्यापेक्षा 15 टक्के जास्त द्यायला तयार आहे, आणि सहा महिन्यांचं आगाऊ रोख देतो म्हणतोय. फक्त उद्याच राहायला यायचंय. घेऊ का?

तपासल्याशिवाय नको. जास्त भाडं देणारा आपोआप चांगला भाडेकरू असं आपल्याला वाटतं, पण उलटं होण्याची शक्यता असते. स्टिग्लिट्झ आणि अँड्र्यू वाइस यांनी 1981 साली बँकांच्या बाबतीत दाखवलं होतं की व्याजदर वाढवत नेला की जपून कर्ज घेणारे बाजूला होतात आणि कितीही व्याज कबूल करणारे राहतात, कारण त्यातल्या काहींना परत द्यायची फारशी काळजीच नसते. घराचंही तसंच आहे, ज्याला खरंच दर महिन्याला द्यायचंय तो घासाघीस करतो! घासाघीस करणाऱ्याचा राग मानू नका.

तुमच्या माणसाला असू शकते खरंच घाई, बदली झाली असेल, घरात काही अडचण असेल. पण खरी घाई असलेला माणूस कागद लवकर देतो, तो कागद टाळण्यासाठी पैसे पुढे करत नाही. रोख आगाऊ रकमेत अजून एक मेख आहे, सहा महिने तुम्ही तिकडे फिरकणार नाही, विचारणार नाही, घरात काय चाललंय ते बघणार नाही, आणि काहींना नेमकं तेच हवं असतं. त्याला सांगा दोन दिवसांत सगळं तपासून सांगते. थांबला तर पुढे जा.

पैसे बँकेतूनच घ्या आणि ते खात्यात पक्के जमा झाल्याशिवाय, सह्या झाल्याशिवाय किल्ली हातात देऊ नका. चेक भरला म्हणजे पैसे आले नाहीत. 'चुकून जास्त पाठवले, उरलेले परत करा' असा फोन आला तर एक पैसाही परत पाठवू नका, आधी बँकेत विचारा, ही फसवणुकीची ठरलेली पद्धत आहे.

एकटी राहणारी मुलगी, घटस्फोट झालेली बाई, वेगळ्या धर्माचे, लहान मुलं असलेले, यांना घर द्यायला शेजारी नको म्हणतात. मालक म्हणून मला निवडायचा हक्क आहेच ना?

निवडायचा हक्क आहे, पण कशावरून निवडता हा प्रश्न आहे. तुम्ही जी नावं लिहिलीत त्यातल्या एकातही भाडं वेळेवर येईल का, घर नीट ठेवतील का, याची काहीच माहिती नाही. म्हणजे तुम्ही माणसाला नाही म्हणताय आणि तुमचा खरा धोका जिथल्या तिथेच ठेवताय. माझ्याकडे बुडवून गेला तो आमच्यासारखाच होता, आडनावापासून सगळं जुळणारा, आणि त्या जुळण्यामुळेच आम्ही काही बघितलं नाही.

कायद्याचंही बघा. बऱ्याच देशांत अशा कारणांवरून घर नाकारणं गुन्हा किंवा दाव्याला कारण ठरतं. अमेरिकेत 1968 च्या कायद्याने वंश, रंग, धर्म आणि मूळ देश यावरून घर नाकारायला बंदी आली, 1974 ला त्यात स्त्री-पुरुष भेद आला आणि 1988 ला अपंगत्व आणि घरात मुलं असणं हेही आलं. तुम्ही जिथे राहता तिथला कायदा माहितगार वकिलाकडून एकदा समजून घ्या.

शेजाऱ्यांना आवाजाची काळजी असेल तर आवाजाबद्दल करारात लिहा, रात्री किती वाजल्यानंतर काय चालणार नाही ते, आणि ते सगळ्यांना सारखंच लागू करा. एकट्या मुलीला 'रात्री किती वाजता येतेस, कोण भेटायला येतं' असले प्रश्न विचारू नका, एकट्या मुलाला विचारता का?

घर दीड महिना रिकामं आहे, घरात रोज बोलणी खातोय. आता जो येईल त्याला देऊन टाकू का?

एक महिना रिकामं गेलं तर वर्षाच्या भाड्यातले साधारण 8 टक्के गेले. चुकीचा माणूस आत आला, चार महिने दिलं नाही, मग काढायला अजून तीन महिने आणि रंगदुरुस्तीला एक महिना, तर आठ महिने गेले आणि डिपॉझिटमधून जे काय थोडंफार निघेल ते निघेल. हा हिशोब घरच्यांना कागदावर मांडून दाखवा. पण दीड महिन्यात कुणीच बरं मिळालं नाही म्हणजे भाडं जास्त आहे का तेही तपासा. भाडं 5 टक्के उतरवलं तर वर्षाला एका महिन्याच्या भाड्यापेक्षा कमीच नुकसान आहे, आणि मग तुमच्यासमोर निवडायला चार माणसं येतात. तपासणी सैल करण्यापेक्षा भाडं थोडं सैल करा.

ताई, मी भाडेकरू आहे, मालकांचेच प्रश्न छापता म्हणून लिहितेय. एका घरासाठी माझ्याकडे ओळखपत्राच्या दोन्ही बाजू, वर्षभराचं पूर्ण स्टेटमेंट, आईवडिलांचे कागद, सोशल मीडियाचे अकाउंट, सगळं मागितलं आणि घर तर मिळालं नाहीच. माझे कागद आता कुणाकुणाच्या फोनमध्ये आहेत माहीत नाही.

तुमचं पत्र सगळ्या मालकांनी वाचावं म्हणून पूर्ण छापलंय. बरोबर आहे तुमचं. घर बघण्याच्या पातळीवर कुणालाही कागद द्यायची गरज नाही, दोन्हीकडून 'हो' झाल्यावरच द्यायचे. ओळखपत्राच्या प्रतीवर आडवं लिहा, 'फक्त अमुक पत्त्यावरचं घर भाड्याने घेण्यासाठी' आणि तारीख, म्हणजे ती दुसरीकडे वापरणं अवघड जातं, आणि जो नंबर लागत नाही त्याचे मधले आकडे झाका. स्टेटमेंटमध्ये पगाराच्या आणि भाड्याच्या ओळी आणि शिल्लक दिसली की पगारदार माणसाचं काम होतं, तुम्ही औषधं कुठून घेतली आणि कुणाला पैसे पाठवले हे मालकाला कशाला हवं, ते झाकून द्या. आईवडिलांचे कागद ते जामीनदार असतील तरच. सोशल मीडिया तर नाहीच. आणि घर खरंच त्या माणसाचं आहे का, मालकीचा कागद दाखवा असं तुम्हीही विचारा, दुसऱ्याचंच घर दाखवून डिपॉझिट घेऊन पळणारे असतात. जो मालक या प्रश्नाला चिडतो त्याच्याकडे राहायला जाऊ नका.

शेवटी एकाला घर दिलं, बाकी तिघांना नाही म्हणायचंय. फोन उचलायचाच टाळतेय, फार वाईट वाटतं.

टाळू नका, ती माणसं तुमच्या उत्तरासाठी दुसरी घरं सोडून थांबलेली असतात. पण करार होऊन डिपॉझिट जमा होईपर्यंत नाही म्हणू नका, शेवटच्या दिवशी माघार घेणारे असतात, तोपर्यंत 'शुक्रवारी नक्की सांगते' असं खरं ते सांगा आणि शुक्रवारी सांगा. मेसेज पुरतो. मी हा पाठवते: 'नमस्कार, घर दुसऱ्या कुटुंबाला दिलं आहे. तुम्ही वेळ काढून आलात, कागद दिलेत, त्याबद्दल आभार. तुमचे सगळे कागद मी आज काढून टाकतेय.' कारणं लिहीत बसू नका, त्यातून वादच होतात, पण कुणी समोरून मनापासून विचारलं आणि कारण उत्पन्नाचं असेल तर सांगा, त्याला पुढच्या घरासाठी उपयोग होईल.

आणि मेसेज पाठवल्यावर लगेच कागद खरंच काढून टाका, चॅटमधून, डाउनलोडमधून आणि फोटोंच्या बॅकअपमधून, तिन्हीकडून.